घास अडतो कुठे

१५ फेब्रुवारी २००९

आज जिनेशला मी रंगेहाथ पकडलं. (या वहीत मी त्याला 'तो' म्हणणार. वहीबाहेर 'अहो' आहेच.)

लग्न होऊन नारायणगावात आल्यापासून बघतेय, घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकतात, सासऱ्यांची वामकुक्षीसुद्धा होते, आणि हा आपला दुसऱ्याच पोळीवर. घास एवढुसा, चावणं गाईसारखं, आणि प्रत्येक घासामागे पाणी. सासरे फतेचंदजी, म्हणजे बाबूजी, म्हणतात, "जिनेश जेवत नाही, जप करतो." सगळे हसतात. तोही हसतो.

आज जेवताजेवता तो एकदम उठून मोरीत गेला. मी मागोमाग. एक हात भिंतीला, डोळ्यांत पाणी, तोंडातून नुसती लाळ. पाठ चोळायला गेले तर हातानेच 'थांब' म्हणाला. बऱ्याच वेळाने घास खाली गेला आणि माणूस माणसांत आला.

"कधीपासून चाललंय हे?"

"कॉलेजपासून. कुणाला सांगू नकोस."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना काय सांगू? घास अडतो म्हणून? म्हणतील, नीट चावून खा."

कमाल आहे! ठिबकच्या नळ्या विकतो, कुणाच्या शेतातल्या नळीत कुठे कचरा अडकलाय ते फोनवरून सांगतो, आणि स्वतःच्या नळीबद्दल इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलंय. पण गप्प बसेन असं नाही दिलेलं. मी बी.एस्सी. आहे, घोडनदीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला माझा हात धरणारं कुणी नव्हतं. या माणसाला मी धड दोन वेळा जेवताना बघणार, आणि त्याच्या गालांवर मांसही चढवणार.

३ मार्च

प्रयोग जोरात! निरीक्षण असं: कोरडं अडतं, मऊ उतरतं. पोळी अडते, शिरा उतरतो. बाजरीची भाकरी तर विचारूच नका, पण दूधभात बिनतक्रार. मग प्रश्नच मिटला ना? सकाळी मसाला दूध, दुपारी वरणावर तुपाची धार, रात्री खीर नाहीतर बासुंदी. ठकूबाई मीना नदीपलीकडच्या वस्तीवरून दूध घालते, तिला रतीब दुप्पट करायला सांगितला. ती म्हणाली, "व्हयनी, पाळणा हालायचा हाय का काय?" मी लाजले. लाजायचं काही कारण नव्हतं, पण लाजले.

सासूबाई माझ्यावर बेहद्द खूश. त्यांचं नाव सज्जनबाई, पण घरात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून मीही. "माझ्या पोराला इतक्या हौसेनं कुणी खाऊ घातलं नव्हतं गं," म्हणाल्या. बाई स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकट्या बसतात, वरणात पोळीचा पार काला करून, शेजारी पाण्याचा तांब्या. सोबत बसा म्हटलं तर म्हणतात, "मला अशीच सवय आहे." जुन्या बायकांचा हा त्याग! मला नाही बाई जमणार, मला भूक आवरत नाही.

१४ मार्च

वजन वाढलं नाही. उलट धुळवडीला पुरणपोळी अडली, तीही दुधात भिजवलेली. आता मऊसुद्धा अडायला लागलं? माझ्या सिद्धांताला भोक पडलं.

शेवटी त्याला ओढत इथल्या एका दवाखान्यात नेलं. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, महिनाभर घ्या म्हणाले. "नवीन लग्न, नवीन जबाबदारी, टेन्शन असतं," असंही म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

गोळ्या थंड दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली आहे.

१ एप्रिल

आजपासून चैत्राची ओळी, आम्हा जैनांचं व्रत. नऊ दिवस आयंबिल, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं आणि ते बिनचवीचं: नुसतं उकडलेलं धान्य आणि डाळ, कोरडी भाकरी, वर फार तर मिरपूड. माहेरी मी एखादंच आयंबिल करायचे, तेही संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं करून. पण बाईंची ओळी म्हणजे गावात नाव आहे. चैत्र आणि आश्विन, वर्षातून दोनदा, लग्न होऊन आल्यापासून एकही चुकलेली नाही. सुनेने मागे राहून कसं चालेल? मीही बसले.

आणि गंमत म्हणजे जिनेशही! "नाहीतरी माझं जेवण पथ्याचंच असतं," म्हणाला. बाबूजी म्हणाले, "चला, घरात तीन संत झाले. मी एकटाच पापी. माझ्या वाटणीच्या शेवया कर गं."

८ एप्रिल

देवा, हे मी आजच लिहिलं पाहिजे.

स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, आयंबिलाची पंगत. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मी वाढत होते. जिनेशच्या ताटात ज्वारीची भाकरी, उकडलेले मूग. त्याने घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. गिळला. तिसरा. मी मुगाचं पातेलं घेऊन तिथेच उभी. पाण्याचा पेला भरलेला, त्याला हातही नाही! भाकरी संपली आणि त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण स्थानकात कसं ओरडणार? शेजारची बाई म्हणाली, "अगं, मूग सांडताहेत."

घरी येताना तो म्हणाला, "गेले दोन दिवस असंच होतंय. बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून."

तपात ताकद असते म्हणतात, ते मी ऐकून होते. आज पाहिलं. बी.एस्सी. असले म्हणून काय झालं!

बाईंना सांगितलं, वचन मोडून सगळंच सांगितलं. त्यांनी हातातलं ओलं भांडं पुसून फडताळात ठेवलं. मग म्हणाल्या, "नऊ दिवस गळा उघडतोच." केवढी श्रद्धा! ओळीत बाई असतातही किती प्रसन्न. पंगतीत सगळ्यांसोबत बसतात, आवडीने जेवतात, कोरडी भाकरीसुद्धा. एरवी इतकं सुग्रास शिजवून पाखरासारखं खाणारी बाई ही!

१० एप्रिल

पारणं! आधी मुगाचं पाणी, मग प्रत्येक नातेवाइकाच्या हातून एकेक चमचा केशरी दूध. जिनेशला तर बिचाऱ्याला पेलाभर झालं असेल. मग तुपाचा शिरा, श्रीखंड. सगळं सुरळीत उतरलं. मी ठकूबाईचा रतीब परत दुप्पट केला. नऊ दिवसांची भर काढायला नको?

१८ मे, पुणे

काल जुन्नरला बाबूजींच्या मावसभावाकडे लग्न होतं. गेले दोन-तीन आठवडे याचं पाणी पिणं पुन्हा वाढलं होतं, ते मला दिसत होतं, पण मी दिसू दिलं नाही, स्वतःलाच. पंगतीत दाल-बाटी. यजमान हट्टाने तूप ओतत होते. एक घास गेला आणि हा जागच्या जागी थांबला. या वेळी घास वरही येईना, खालीही जाईना. पाण्याचा घोट घेतला तो तसाच बाहेर. स्वतःची थुंकीही गिळता येईना. रुमाल तोंडाशी धरून बसलेला माझा नवरा, आणि बाजूला सनई.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त रविंद्र लग्नाला आला होता, लेण्याद्रीच्या पायथ्याचा. तिथल्या भागुजीमास्तरांचा हा मुलगा पंचायत समितीत आहे. त्याने एक प्रश्न विचारला नाही, सुमो काढली. "वहिनी, मागं बसा, त्याला सरळ बसवा, आडवा होऊ देऊ नका." मग जिनेशला म्हणाला, "लेका, बाटी आमच्या ताटात पन व्हती, तूच कशी गिळली नाय?" तशा अवस्थेतही जिनेश हसला. खेड घाटात ट्रकांची रांग, आणि मी नवकार मंत्र म्हणत होते. मध्येच चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पुण्याच्या दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून घास काढला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, वयाने फार मोठ्या नाहीत, केसांची घट्ट वेणी. म्हणाल्या, "घास निघाला. पण नळी मला साधी वाटत नाही. आत कड्या कड्या दिसताहेत. तुकडे तपासायला पाठवलेत."

तो आता झोपलाय. छाती वर-खाली होताना बघत बसलेय. मला खूप भीती वाटली होती, इतकी की जिनेशला ती कधीच सांगणार नाही.

२५ मे

नाव मिळालं! शत्रूला नाव मिळालं की निम्मं युद्ध जिंकल्यासारखं वाटतं. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. चाकणपर्यंत पाठ झालं, मंचर येईपर्यंत न अडखळता म्हणत होते. बाबूजी म्हणाले, "ह्या नावानंच घास अडकेल."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, त्या अन्ननळीत नसायला हव्यात. याच्या नळीत त्यांची जत्रा भरली आहे. एखादा साधा रोजचा पदार्थ शरीराला शत्रू वाटतो, नळी सुजते, आखडते. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी काहीच फरक नाही, म्हणजे ती वाट बंद. "आपल्याकडे अजून फारशा केसेस ओळखल्याच जात नाहीत. मी स्वतः मोजक्याच पाहिल्यात," असं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्या तिथेच आवडल्या.

"घरात आणखी कुणाला घास अडकायचा त्रास?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," बाई चटकन म्हणाल्या. "आमच्यात कुणाला नाही."

"बरं. कधी आपोआप बरं वाटल्याचं आठवतं?"

जिनेश नाही म्हणणार होता. मीच मध्ये पडले. "ओळीत! आयंबिलात!" आणि धबधब्यासारखं सगळं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

"त्या जेवणात काय काय नसतं?"

"विगई नसतात. म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण. चव आणि विकार वाढवणारं सगळं वर्ज्य."

"दूध, दही, तूप," त्या हळूच म्हणाल्या, आणि खुर्चीतच सरसावून बसल्या. "अहो, माझा अर्धा प्रयोग तुम्ही करूनच आलात की!"

मला एकेक आठवायला लागलं. मसाला दूध. खीर. बासुंदी. दुप्पट रतीब. थंड दुधाबरोबर दिलेल्या गोळ्या! ज्याला मी उपचार म्हणत होते तोच... पण अजून सिद्ध झालेलं नाही, असं त्या म्हणाल्या. संशयित सहा असतात: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, दाणे-बदाम, मासे. अंडी-मासे आमच्या घरात जन्मापासून नाहीतच. उरलेले चारही आठ आठवडे बंद, मग दुर्बीण. नळी स्वच्छ झाली की एकेकाला आत घ्यायचं आणि बघायचं कोण दंगा करतो. दुसरी वाट दम्याच्या औषधाचा पंप तोंडात मारून श्वास न घेता गिळायची. "पण तुमच्या हातात धागा आहे. आधी तो ओढून बघू या का?"

ओढायचा! जिनेशच्या आधी मीच हो म्हणाले.

२ जून

चार गोष्टी बंद म्हणजे काय ते लिहिते. कंदमुळं आमच्यात आधीच नाहीत. आता दूध नाही, गहू नाही, दाण्याचं कूट नाही, सोयाबीनचं तेल नाही. बाबूजी: "मग उरलं काय? हवा. तीसुद्धा गाळून." पण उरतं हो! ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाचे घावन, मूग, मसूर, तीळ. तिळाचं कूट घातलेली गवार अशी झाली की बाबूजींनी दोनदा घेतली आणि नाव ठेवायचं विसरले.

ठकूबाईचा रतीब घटवला तर आज मोठं रामायण. दारातच कॅन आदळला. "का वं व्हयनी? पानी घालते व्हय म्या दुधात? कोन म्हनलं? त्याचं नाव सांगा!"

"तसं नाही ठकूबाई, ह्यांना दूध सोसत नाही."

"मानसाला दूध सोसत न्हाई? आमी काय येडे हाय का? लहान लेकरू दुधावर जगतं!" आळीभर ऐकू गेलं. दुपारपर्यंत बाजारपेठेत बातमी, फतेचंदशेठच्या घरी ठकूबाईच्या दुधात पाणी सापडलं. मला तिच्या वस्तीवर जाऊन चार बायकांसमोर तिच्या म्हशीचं कौतुक करून यावं लागलं. म्हैस खरंच छान आहे.

२१ जून

आज मी बाईंवर ओरडले. सासूवर!

सगळं काटेकोर चाललेलं असताना याचा घास आज पुन्हा रेंगाळला. मी शोधायला लागले. भाकरी हातात घेतली तर बोटं चकचकीत.

"बाई, भाकरीला तूप लावलंत?"

"एवढंसं. कोरडी भाकरी आईच्यानं वाढवत नाही गं."

"दूध बंद आहे ना!"

"दूध कुठे? तूप आहे ते."

"तूप कशाचं होतं?"

"लोण्याचं."

"लोणी?"

"दह्याचं. अगं, इतक्या लांबून आल्यावर त्यात कसलं राहतंय दूध!"

मी ओरडले ते त्यानंतर. काय बोलले ते लिहीत नाही. बाईंनी तूप काढून ठेवलं. पण मला माहितेय, उद्या मावशी येईल ती पेढा आणेल, परवा कुणाकडे जाऊ तिथे बासुंदीची वाटी पुढे येईल. 'डॉक्टरने सांगितलंय' म्हटलं की लोक म्हणतात, एका वाटीने काय होतंय? आमच्या लोकांना डॉक्टरचा धाक नाही. त्यांना धाक कशाचा असतो?

कळलं!! आत्ता लिहितालिहिता कळलं. पच्चक्खाण! साधू-महाराजांसमोर हात जोडून एखाद्या वस्तूचा त्याग घेतला की मग कुणाची छाती आहे ती वस्तू पुढे करायची? उलट सगळं गाव पहारा देईल. चातुर्मासासाठी महासतीजी, आमच्या साध्वी, गावात येतच आहेत. हर्षा, तू हुशार आहेस.

८ जुलै

फजिती. पण साधी फजिती नाही.

महासतीजींना वंदन करायला मी, जिनेश आणि बाई गेलो. मी मांडलं: ह्यांना चार महिने दूध-विगईचं, म्हणजे दूध-दही-तुपाचं, पच्चक्खाण द्या. त्यांनी कारण विचारलं. खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हर्षा, शरीराला सोसत नाही म्हणून सोडायचं, ते पथ्य. पथ्य चांगलंच, जरूर पाळा. पण ज्यानं आपल्याला त्रासच होतो ते सोडलं, तर त्यात आपण सोडलं काय? तप म्हणजे हवंहवंसं, सोसणारं सोडणं. मनात दवाखाना ठेवून माझ्याकडून त्याग घेऊ नका."

मी तोंडघशी. जिनेश खाली बघून हसू दाबत होता. बाईंकडे पाहिलं तर त्या पांढऱ्याफटक. जिन्याच्या पायऱ्यांनी दम लागला असेल म्हणून मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.  मग बाईंनी हात जोडले.

"महासतीजी, मला द्या. दूध-विगईचं. चातुर्मास संपेपर्यंत. मला दूध फार आवडतं."

महासतीजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पच्चक्खाण दिलं.

काय बोलू! पोरासाठी, त्या तुपाच्या दिवसाचं मनावर घेऊन, माझ्या सासूने दूध सोडलं. आता घरात थेंब यायचा प्रश्नच नाही, बाबूजींच्या चहापुरतं सोडून. वाटेत मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

१ ऑगस्ट

स्वच्छ! स्वच्छ! स्वच्छ!

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. मेमधली नळी आणि आताची. मलासुद्धा फरक कळला. तुकड्यांचा रिपोर्ट आठवड्याने येईल, पण त्यांचा चेहराच सांगत होता. परत येताना मंचरला थांबून त्याने डब्यातली बाजरीची भाकरी खाल्ली, गप्पा मारत, पाण्याशिवाय, माझ्याआधी संपवली. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याआधी जेवला. मी रस्त्यावरच टाळ्या वाजवल्या, मग भोवताली बघितलं.

आता गहू आत. बघू या साहेब काय करतात.

बाईही चातुर्मासात खुलल्या आहेत. परवा रविंद्रची बायको तेजस्विनी आली होती, म्हणाली, "काकू, तब्येत छान झालीय तुमची." माझ्याच हातच्या स्वयंपाकाचा गुण, दुसरं काय! हल्ली आमच्यासोबत ताटावर बसतात. मी कितीदा म्हटलं होतं, शेवटी ऐकलं.

२६ सप्टेंबर

गव्हाची निर्दोष मुक्तता! परवा पुन्हा दुर्बीण झाली, नळी जशीच्या तशी स्वच्छ. आज पोळ्या केल्या, इतक्या की शेजारी वाटाव्या लागल्या.

पण घरात एक विचित्र झालं. काल आश्विनाची ओळी सुरू झाली आणि बाई बसल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! स्थानकातून दोघी-तिघी विचारायला आल्या. "गुडघे दुखतात," म्हणाल्या. गुडघ्याचा आयंबिलाशी काय संबंध? मी विचारलं तर म्हणाल्या, "मन नाही गं होत." आणि तांदूळ निवडायला बसल्या. निवडलेलेच तांदूळ होते.

मी माझ्या आनंदात फार दंग आहे की काय, असं वाटलं.

२ ऑक्टोबर

खरा सामना आता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाणे आणि सोयाबीन मागाहून, आधी मुख्य संशयित. रोज अर्धा पेला दूध, अडलं की लगेच थांबायचं. मी म्हटलं, राहू दे ना, कशाला विस्तवाशी खेळ? जिनेशने ऐकलं नाही. "हर्षा, उगीच संशयावर जन्मभर दूध सोडायचं? मला कळलंच पाहिजे." नळीत कचरा कुठे आहे ते बघितल्याशिवाय नळी न बदलणारा माणूस हा.

पेला मीच दिला. त्याने डोळे मिटून प्यायला आणि पांढरी मिशी घेऊन हसला. दिवाळी त्याला खव्याच्या करंज्यांसकट मिळणार म्हणून स्वारी खूश!

२४ ऑक्टोबर

सापडला, खरा चोर सापडला! भाऊबीजेनंतर घोट-घोट पाणी सुरू झालं आणि काल पोळीचा घास अडला, अगदी ओळखीच्या जागी. थोडक्यात उतरला. मी भ्यायले आणि त्याच वेळी आनंदाने नाचावंसं वाटलं, असं एकाच क्षणी होतं का कुणाला? डॉक्टरीणबाईंना फोन केला. "बंद करा. दुर्बिणीने शिक्का मारू, पण मला शंका नाही," म्हणाल्या. दूध! फक्त दूध. ॲसिडिटी नाही, टेन्शन नाही, चावणं नाही. इतके दिवस संन्याशाला फाशी चालली होती.

रात्री जेवताना मी सगळ्यांना भाषणच दिलं. ओळीत बरं वाटलं ते दूध-तूप नव्हतं म्हणून, पारण्यानंतर बिघडलं ते दुधाने म्हणून, सगळं जुळवून दाखवलं. "म्हणजे चमत्कार वगैरे काही नव्हतं," मी म्हटलं. "साधं पथ्य होतं!"

बाबूजींनी मान डोलावली. बाई मध्येच उठल्या. ताटात अर्धी पोळी तशीच होती.

२ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

चातुर्मास संपला. बाईंच्या पच्चक्खाणाची मुदतही संपली. सकाळी ठकूबाईला मुद्दाम सांगून निरसं दूध घेतलं, केशर घातलं, चांदीच्या वाटीत घेऊन स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघीच होतो. "बाई, तोंड उघडा," मी म्हटलं. पहिला घोट मला द्यायचा होता.

त्यांनी वाटी घेतली आणि ओट्यावर ठेवून दिली.

"हर्षा, तुझ्या त्या डॉक्टरीणबाई बायकांनाही तपासतात का?"

मला कळायला वेळ लागला. एवढी हुशार मी! तांब्या, काला, एकटीचं जेवण, लग्नांत नुसतं ताट चिवडणं, ओळीतली प्रसन्नता, सगळं माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर, आणि मी मात्र आनंदाने टाळ्या वाजवत होते.

"किती वर्षं, बाई?"

"लग्नाआधीपासून. सासरच्या पहिल्याच पंगतीत घास अडला, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, नाटकं करते. मग मी शेवटी बसायला लागले. शेवटी बसणारीला कोण बघतं?" त्या ओट्याला टेकून बोलत होत्या, कोथिंबिरीचा भाव सांगावा तशा आवाजात. "ओळीला पहिल्यांदा बसले आणि गळा मोकळा झाला. मला वाटलं, माझं तप पोचलं. दर वेळी वाटायचं. त्या नऊ दिवसांच्या जिवावर बाकीचं वर्ष काढायचे. आणि त्या दिवशी महासतीजी म्हणाल्या, सोसत नाही ते सोडलं तर सोडलं काय. मग तू म्हणालीस, साधं पथ्य होतं."

"बाई, मला माहीत नव्हतं. मी..."

"तू खरंच बोललीस. म्हणून तर आश्विनात बसले नाही. कुणाला फसवायला बसू? इतक्या वर्षांच्या ओळ्या, आणि त्या सगळ्या पथ्यात जमा."

मला रडू फुटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या पदराने माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोरातच.

"रडतेस काय? मी विचार केलाय. दूध मी आता कायमचं सोडलं, ते पथ्य. डॉक्टरीणबाईंना दाखवू, काय ती दुर्बीण घालू दे, जिनेश सोसू शकतो तर मीही सोसेन. पण येत्या चैत्रात मी ओळीला बसणार. तेव्हा गळा आधीच मोकळा असेल. त्या नऊ दिवसांतून मला काही म्हणजे काही मिळायचं नाही." आणि मग, मी शप्पथ सांगते, त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला. "ती माझी पहिली ओळी, हर्षा."

वाटीतलं दूध बाबूजींच्या चहात गेलं. मी लगेच पुण्याला फोन लावला, गुरुवारची वेळ मिळाली, आणि रविंद्रला सुमोचं विचारलं.